बारा लाखांच्या आत असूनही कर का निघाला?

आर्थिक वर्ष 2025-26, नवीन करप्रणाली. प्रमाणित वजावटीनंतर पगार 8,00,000 रुपये, शिवाय शेअर विकून 1,00,000 अल्पकालीन नफा. अपेक्षा शून्य कराची, पण 20,800 देय दिसले! कारण बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी कलम 87अ ची सवलत फक्त स्लॅबच्या, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार लागणाऱ्या, करातून वजा होते. पगारावरचे 20,000 माफ झाले. नफ्यावरचा 20 टक्के कर आणि 4 टक्के उपकर राहिलाच.

करप्रणालीचा पर्याय बदलूनही सुटलं नाही. कर भरूनच विवरणपत्र दिलं.

स्लॅबचं उत्पन्न 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेखाली असेल, तर निवासी व्यक्तीला उरलेली मर्यादा नफ्यातून वजा करता येते, हे मात्र नक्की तपासा. आणि परतावा मिळतो तो आधीच कापलेल्या (टीडीएस) किंवा भरलेल्या जादा कराचा. सवलतीची रक्कम वेगळी हाती येत नाही.