डबल बाससाठी छोटं हेड घेताना वॉट शेवटी बघा

डबल बाससाठी ॲम्प्लिफायरचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, बघायला जाल तेव्हा आपला बास बरोबर न्या. दुकानातला बास गिटार भिंतीवरून उतरवून त्यावर हेड ऐकू नका, कारण बास गिटारवर जवळजवळ प्रत्येक हेड छान वाजतं. एवढा मोठा बास न्यायचा म्हणजे त्रास असतो, हे मला माहीत आहे. मी डोंबिवलीची. दादरला जायचं तरी दुपारची रिकामी गाडी आणि मालडबा बघावा लागतो, नाहीतर टेम्पो. पहिलं हेड मी बास न नेता घेतलं आणि आठ महिन्यांत कमी किमतीला विकून टाकलं. त्या नुकसानीत टेम्पोच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या असत्या.

झालं होतं असं. ठाण्याच्या एका हॉटेलात पियानो, ड्रम आणि डबल बास असं आमचं तिघांचं शनिवारी वाजवणं असायचं. घरी माझा बास भरदार, लाकडाचा आवाज देतो. हेडमधून तोच बास पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडावं तसा यायचा. हेडवरचं बासचं, म्हणजे खालचे सूर वाढवायचं बटण वाढवलं की एकटा ए हा सूर घुमायला लागायचा, बाकीचे सूर किरटेच राहायचे. आधी मी तारांवर संशय घेतला आणि महागाच्या तारा बदलल्या. मग पिकअपवर, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलून हेडला देणाऱ्या तुकड्यावर घेतला. दोष दोन्हींत नव्हता.

विचारायला कोणी नव्हतं. ज्यांच्याकडे मी शिकले ते माझगावचे काका आयुष्यभर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत आले. ते म्हणाले, "स्टुडिओत माझ्यापुढे माइक असायचा, बाय. ॲम्प घेऊन मी काय करणार होतो?" मुंबईत या वाद्याची एवढी मोठी परंपरा आहे, पण तिचा बराचसा भाग माइकसमोर, बंद खोलीत घडला. शेजारी ड्रम आणि समोर जेवणारी माणसं असताना बास ऐकू कसा आणायचा, ते आमच्या पिढीला स्वतःच शोधावं लागलं. खरं तर बासचा ॲम्प जन्मला तोच या वाद्यासाठी. अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या डबल बासवादकाने बासच्या खालच्या खुंटीवर, पोटाच्या आत माइक बसवला. त्या 'ॲम्प्लिफाइड पेग'वरूनच अँपेग हे नाव आलं.

पहिला प्रश्न: इनपुट इम्पीडन्स किती?

इनपुट इम्पीडन्स म्हणजे हेडचा इनपुट पिकअपच्या विजेला करतो तो विरोध, तो ओममध्ये मोजतात. डबल बासवर बहुतेक वेळा पिएझो, म्हणजे दाबाने वीज देणारा पिकअप असतो, ब्रिजच्या पंखाच्या खाचेत किंवा पायाखाली. बास गिटारचा पिकअप चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा, आणि त्याला हेडच्या इनपुटवर ५०० किलोओम ते १ मेगओम पुष्कळ झालं. पिएझो मात्र स्वतः एका कपॅसिटरसारखा वागतो. तो हेडला जोडला की हेडचा इनपुट आणि पिकअप मिळून एक चाळणी तयार होते, आणि ती चाळणी खालचे सूर अडवते.

आकडे बघा, म्हणजे लगेच पटेल. पिकअप ५०० पिकोफॅरॅडचा आणि हेडचा इनपुट १ मेगओमचा असेल, तर साधारण ३२० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. आपल्या चार मोकळ्या तारा, ई, ए, डी आणि जी, आहेत ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. म्हणजे चारही तारांचा मूळ सूर त्या चाळणीत अडकला! तोच पिकअप १० मेगओमच्या इनपुटला लावा, ती हद्द ३२ हर्ट्झवर जाते आणि खालचा ई जवळजवळ जसाच्या तसा येतो. माझ्या पत्र्याच्या डब्याचं कारण एवढंच होतं. बासचं बटण वाढवून मी गेलेला सूर परत आणायला बघत होते, आणि वाढत होती ती फक्त खोलीची घुमघुम.

म्हणून माहितीपत्रकात वॉटच्या आधी इनपुट इम्पीडन्सची ओळ शोधा. पिकअपचा कपॅसिटन्स जास्त असेल तर १ मेगओममध्येही भागतं. पिकअपबरोबर स्वतःचा प्रीॲम्प, म्हणजे हेडच्या आधी लागणारा छोटा ॲम्प, आला असेल किंवा पिकअप चुंबकाचा असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

हेडला १० मेगओम नसेल तर ते बाद करायचं का? नाही. मधे एक प्रीॲम्पची डबी लावा. माझी पहिली डबी एका मित्राने लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून बनवली: एक जेएफईटी ट्रान्झिस्टर, दोन-चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि वर ॲल्युमिनियमचं खोकं. ती आम्ही पहिल्यांदा लावली तेव्हा मी मोकळा ई छेडला आणि घरातला स्टीलचा डबा फळीवर थरथरला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. डबी पिकअपच्या शक्य तितकी जवळ ठेवा. पिकअप आणि डबीमधली वायर लांब झाली की पिएझोचा आवाज एकूणच बारीक होतो.

पैसे मोजके असतील तर माझा सल्ला असा, की साधं स्वस्त हेड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या प्रीॲम्पवर घाला. हेड पुढे बदलाल, प्रीॲम्प बदलणार नाही. शिवाय गाण्याच्या ठिकाणी त्यांचा स्वतःचा ॲम्प असेल तिथेही तुमचा आवाज तुमच्याबरोबर जातो.

दुसरा प्रश्न: खालचं कापता येतं का?

इथे लोक गोंधळतात. एवढा खटाटोप करून खालचे सूर आणले आणि आता कापायचे? होय, पण फार खालचे. हाय-पास फिल्टर ज्याला म्हणतात तो ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकतो. तिथे आपला एकही सूर नसतो. असते ती फळीवरच्या पायांची धमधम, बोटांचा धप्प आवाज आणि स्पीकरची वायफळ धडपड. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनला चौपट हलावं लागतं. आठ किंवा दहा इंची छोटा स्पीकर या न ऐकू येणाऱ्या धडपडीतच थकतो. ती काढली की तेच हेड, तोच कॅब (स्पीकरचं खोकं), आणि आवाज कितीतरी मोकळा होतो.

हे काम बासच्या बटणावर सोपवू नका. ते बटण बहुतेक ८०-१०० हर्ट्झच्या आसपासचं सगळं वरखाली करतं, त्यात आपला भरदारपणाही जातो. फिरवता येणारा हाय-पास असेल तर सोन्याहून पिवळं. लाकडी फळीच्या, पोकळ स्टेजवर मी तो ६०-७० पर्यंतसुद्धा नेते. खालच्या ईचा मूळ सूर त्यात थोडा जातो, पण वरच्या स्वरांशांवरून कान तो ई भरून घेतो. डबल बासच्या लाकडातूनही तो मूळ सूर काही फार जोरात निघत नाही. ४१ हर्ट्झची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते, आपलं वाद्य त्यापुढे लहानच.

फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटं करायचं बटण आहे का, तेही बघा. स्पीकरचा आवाज बासच्या पोटाला परत हलवतो आणि ठरावीक एखादा सूर आपोआप घुमत राहतो. फेज उलटलं की तो सूर कधी एकदम गप्प बसतो. कधी उलट वाढतो, तेव्हा बटण परत फिरवायचं. बटण नसेल तर कॅबपासून दोन पावलं सरका किंवा बास थोडा तिरका धरा, फरक पडतो. या तिन्ही गोष्टी, म्हणजे जास्तीचा इनपुट इम्पीडन्स, हाय-पास आणि फेज, छोट्या हेडवर एकत्र क्वचितच मिळतात. डबल बाससाठीच्या प्रीॲम्पमध्ये बऱ्याचदा मिळतात, म्हणून वर त्याचा एवढा आग्रह धरला.

आता वॉट

२०० वॉटचं हेड डबल बासला पुरतं. ४०० केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा, आणि दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. बहुतेक छोट्या हेडवर लिहिलेले वॉट ४ ओमच्या कॅबसाठीचे असतात. ८ ओमच्या एकाच कॅबवर २०० च्या जागी सव्वाशेच्या आसपास मिळतात, आणि तेवढे माझ्या तिघांच्या वाजवण्याला पुष्कळ आहेत. ८ ओमचे दोन कॅब जोडले की ४ ओम होतात. ४ ओमचे दोन जोडाल तर २ होतील, आणि ते बहुतेक छोट्या हेडला चालत नाही. मागची पट्टी वाचूनच जोडा.

या आकाराची हेड आता क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या प्रकारची असतात, म्हणून एवढी हलकी. वारविकचं ग्नोम, ट्रेस एलियटचं एल्फ आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॅम २००, तिन्ही ४ ओमवर २०० वॉटची आणि वजनाला किलोच्या आसपास किंवा कमी. माझं हेड बासच्या कव्हरच्या पुढच्या खिशात, गजाच्या राळेशेजारी मावतं. तिन्हींवर टोनची बटणं साधी तीनच आहेत, तेव्हा प्रीॲम्पची सोय धरूनच बघा.

पंख्याचा आवाज ऐकायला विसरू नका. काही छोट्या हेडचा पंखा सतत फिरतो. ड्रम चालू असताना तो कळत नाही, पण संथ गाण्यात पियानोवाला थांबतो आणि तुम्ही एकटेच सूर धरून असता तेव्हा समोरच्या टेबलापर्यंत ऐकू जातो.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर व्होल्टेजची पट्टी फोटो काढून मागवा. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर लावू नका. न्यू जर्सीहून माझ्या मामेभावाने फोटो पाठवला म्हणून ते हेड तिथेच राहिलं.

साउंडवाल्याच्या मिक्सरला थेट लाइन द्यायला डीआय आउट हवाच, आणि त्याशेजारी त्या लाइनचा ग्राउंडचा जोड तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटणही हवं. आपल्याकडे विजेचा हम ५० हर्ट्झचा, आणि ईच्या तारेवरचा जी ४९ चा. हम आला की तो नेमका त्या जीला चिकटतो आणि सूर डळमळल्यासारखा वाटतो. पुण्यात एका लॉनवर पूर्ण पहिलं गाणं मी त्या जीवर बोट मागेपुढे करत होते. ग्राउंड लिफ्ट दाबल्यावर सूर जागेवर आला.

दुकानात काय वाजवायचं

सगळी बटणं मधोमध, आवाज बोलण्याच्या वर येईल एवढाच. आधी चार मोकळ्या तारा, सावकाश, प्रत्येक सूर संपेपर्यंत. ई बारीक आणि जी मोठा येत असेल तर इनपुट कमी पडतोय. मग ईच्या तारेवर एकेक बोट वर चढा आणि कुठला सूर एकदम उसळतो ते लक्षात ठेवा. चारही तारा डाव्या हाताने दाबून आवाज हळूहळू वाढवा. जिथे घुमायला लागेल तिथे थांबा, ती तुमची हद्द. फेजचं बटण असेल तर दाबा आणि परत वाढवून बघा. हद्द वर सरकली तर चांगलं.

मग गज काढा. पिएझोतून गज नेहमी किरकिरतो, तेव्हा वरची पट्टी, म्हणजे ट्रेबलचं बटण, किती उतरवल्यावर तो सुसह्य होतो ते बघा. ती उतरवल्यावर बोटांनी छेडलेला सूर मेला, तर ते हेड तुमच्या कामाचं नाही. गज वापरत नसाल तर ही पायरी सोडा.

शेवटी सोबत कोणालातरी न्या. त्यांना चार-पाच मीटर लांब, दरवाजाजवळ उभं करा आणि तुम्ही चालीत चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, वाजवा. बासच्या मागे उभं राहून आपल्याला जे ऐकू येतं ते निम्मं लाकडाचं असतं. दुसऱ्या वेळी काका माझ्याबरोबर आले होते. पंचाहत्तरीचा माणूस दरवाजात डोळे मिटून उभा होता. तीन हेड मी लावली. तिसऱ्याला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हां, आता लाकूड ऐकू येतंय." ते तिन्हींतलं सगळ्यात स्वस्त होतं, २५ हजारांच्या माझ्या बजेटमधून प्रीॲम्पसाठी पैसे उरले, आणि संध्याकाळच्या मालडब्यातून आम्ही दोघं बास धरून परत आलो.