पक्षी, कात्री आणि वही: मागच्या अंगणातल्या रविवारी या चुका टाळा

मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आठेक फुटांची पट्टी आहे. तिथे एक पेरू, एक जास्वंद आणि सोसायटीची कधीच बंद पडलेली पाण्याची मोटर. आम्ही त्याला कौतुकाने अंगण म्हणतो. रविवारी भाची आली की मुक्काम तिथेच. पक्षी बघायचे, कापायचं-चिकटवायचं, जमलं तर चार ओळी लिहायच्या. पहिले काही रविवार सपशेल फसले.

एक तर आम्ही नऊ वाजता चहा घेऊन बसायचो. तोवर शेजारच्या इमारतीत ड्रिल सुरू झालेलं असतं आणि समोर उरतात कावळे. उजाडल्यापासूनचे दोन तास खरे. उन्हाळ्याच्या तोंडावर दयाळ पक्षी तर उजाडायच्या आधीच शिट्ट्या घालायला लागतो.

दाणे टाकणं ही माझी सगळ्यात महागडी चूक. मूठभर ज्वारी टाकली आणि चार दिवसांत पारव्यांची फौज हजर. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. वरच्या मजल्यावरच्या आजींना आधीच दमा. त्यांनी ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण रास्त होतं. आता फक्त पाणी ठेवतो: मातीची पसरट थाळी, जेमतेम दोन इंच पाणी, मध्ये टेकायला दगड. पाणी रोज बदलायचं, थाळी घासायची. आठ-दहा दिवस तसंच राहिलं तर त्यातून डेंग्यूचे डास उडतील. खायला पेरू आहे, जास्वंद आहे. बुलबुल पेरू पोखरतात. शिंजीर मात्र चलाख. पुष्कळदा फुलाच्या तोंडाशी जातच नाही, देठाजवळ भोक पाडून मध पितो.

हस्तकलेत आम्ही बुटांच्या खोक्याचं घरटं केलं, गुलाबी ऑइलपेंट, वर चमकी. जूनच्या पहिल्याच सरीत त्याचा लगदा झाला. चिमण्यांसाठी साधी, न रंगवलेली लाकडी पेटी करा. भोक सव्वा इंचाचं, बाहेर बसायला दांडी नको, तळाला पाणी निथळायला दोन-तीन छिद्रं, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. लोकर किंवा नायलॉनचा दोरा लोंबता ठेवू नका, पिल्लांचे पाय अडकतात. चमकी वहीच्या कव्हरला लावा.

पण खरी गडबड लिहिताना होते. भाचीने लिहिलं, ‘कोकिळा गोड गात होती.’ कुहू-कुहू करतो तो काळाकुळकुळीत नर कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आणि तिचं ओरडणं किक-किक-किक असं कर्कश. आमच्या पेरूवर ती बसली होती तेव्हा मी तिला शिक्रा, म्हणजे चक्क शिकारी पक्षी, म्हणाले होते, त्यामुळे भाचीला फार बोलता आलं नाही.

नाव पटकन ठोकून देऊ नका, वेगळं काय दिसतंय ते टिपा. थोर पक्षीतज्ज्ञ सालीम अली मुंबईचेच. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली, हे त्यांच्या मामांनाही सांगता येईना, म्हणून पोरगा ती घेऊन १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. (बंदूक सोडून बाकीचं अनुकरण करावं.)

आणि ‘किलबिलाट’ हा शब्द महिनाभर बंद करा. आमच्याकडे त्यावर एक रुपया दंड आहे. मीच जास्त भरलाय. त्याऐवजी वेळ लिहा, फांदी लिहा, पक्षी नेमकं काय करत होता ते लिहा. आणि बघताना लिहू नका. वहीत मान घातली की पक्षी उडालाच.

गेल्या रविवारी भिंतीपलीकडच्या वडावर तांबट बसला होता. टुक, टुक, टुक, भांडी ठोकल्यासारखा. आम्ही दहा मिनिटं नुसतं बघितलं. प्रत्येक ‘टुक’ला मान हलते, गळा फुगतो, चोच मात्र मिटलेली. दुपारी भाचीच्या वहीत दोनच ओळी होत्या: ‘तांबट तोंड न उघडता बोलतो. जेवताना आजोबापण.’