.३०८ ची डाय प्रेसवर सेट करताना

आधीच सांगतो, हे अमेरिकेत राहून रीलोडिंग (उडालेलं काडतूस घरी पुन्हा भरणं) करणाऱ्यांसाठी आहे. भारतात लायसन्सशिवाय घरी काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, तिकडून वाचत असाल तर नुसतं वाचा. आणि पावडर (बारूद) किती घालायची ते छापील मॅन्युअलमध्येच बघायचं, इथे फक्त डायचं (प्रेसमध्ये बसवायच्या साच्याचं) बोलू.

सिंगल स्टेज (एका वेळी एकच डाय बसणारा) प्रेस, बोल्ट ॲक्शन रायफल आणि .३०८ विंचेस्टर काडतुसाचा दोन डायचा सेट धरून चालतोय. टेबलावर पावडर, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काही नको. नव्या डायला गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं, ते पुसून घ्या.

पहिली सायझिंग डाय, म्हणजे उडालेली केस (काडतुसाची पितळी नळी) दाबून मापात आणणारी. शेल होल्डर (केसचं बूड धरणारा तुकडा) बसवून रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) पूर्ण वर घ्या, डाय हाताने फिरवत टेकेपर्यंत खाली आणा. बॉक्समधला कागद म्हणतो आता अजून पाव फेरा आवळा, आणि बहुतेक जण तेवढं करून मोकळे होतात, पण बोल्ट रायफलला ते बऱ्याचदा जास्त होतं, केसचं शोल्डर (मानेखालचा उतार) उगाच मागे ढकललं जातं, मग दर फायरला पितळ ताणतं आणि शेवटी केस बुडाच्या जरा वर फाटते. म्हणून स्वतःच्या रायफलमधून उडालेली केस घ्या, जुना प्रायमर काढा, कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरपर्यंतचं अंतर मोजायचा जोड) लावून शोल्डरचं माप लिहून ठेवा. डाय एक फेरा मागे घ्या, केसला लूब (वंगण) लावा (पोळीला तूप लावतो त्याहून कमी, जास्त झालं तर शोल्डरवर खड्डे पडतात, अजिबात नसलं तर केस डायमध्येच अडकते), सायझ करा, परत मोजा. सुरुवातीला माप चक्क वाढेल, कारण केसचं अंग दाबलं गेलं की शोल्डर पुढे सरकतं. मग डाय थोडी थोडी खाली. मूळ मापापेक्षा .००१ ते .००२ इंच कमी भरलं की बास. या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे पूर्ण फेरा .०७१ इंच आणि .००२ म्हणजे जेमतेम १० अंश, तेव्हा शेवटी अगदी किंचित फिरवायची. लॉक रिंग आवळताना केस आत आणि रॅम वर ठेवा, डाय मधोमध बसते.

केसची लांबी २.०१५ इंचाच्या वर गेली असेल तर २.००५ ला ट्रिम करा.

सीटिंग डाय, म्हणजे केसमध्ये बुलेट बसवणारी, सोपी आहे. स्टेम (बुलेट खाली दाबणारा आतला दांडा) भरपूर वर घ्या, सायझ केलेली रिकामी केस रॅमवर, रॅम वर, डाय केसच्या तोंडाला टेकली की एक पूर्ण फेरा मागे घेऊन लॉक करा, म्हणजे क्रिम्प होणार नाही (केसचं तोंड बुलेटवर आवळलं जाणार नाही). मग बुलेट ठेवून स्टेम हळूहळू खाली, दर वेळी कॅलिपर लावायचा, मॅन्युअलमध्ये त्या बुलेटला दिलेल्या एकूण लांबीपर्यंत (काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, म्हणजे सामीची, कमाल मर्यादा २.८१० इंच). बुलेटचा आकार बदलला की स्टेम परत सेट करावा लागतो, त्यामुळे ही पावडर-प्रायमर नसलेली डमी मार्करने खूण करून डायच्या डब्यातच टाकून ठेवा, पुढच्या वेळी हिलाच रॅमवर चढवून स्टेम टेकवला की काम झालं.