सुरी, छोटी कुऱ्हाड आणि बांधावरचं लाकूड

बुशक्राफ्ट म्हणजे सुरी-कुऱ्हाडीने रानातल्या लाकडातून लागेल ते करून घ्यायची कला. ती शिकायला जंगल लागत नाही, हे आधी डोक्यात घ्या. फिनलंड-कॅनडावाल्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं कुऱ्हाड मागवतात आणि पुढच्याच रविवारी ट्रेकच्या वाटेवरच्या उभ्या हिरव्या झाडावर चालवतात, त्यात शिकणं काहीच होत नाही, झाड मात्र जातं. हाताला वळण लागतं ते मनगटाएवढ्या फांदीवर, आणि ती फांदी शेताच्या बांधावर फुकट पडलेली असते. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे, खाली कोकणात कुठेही, ओळखीतल्या कुणाचं तरी मालकीचं रान असतंच. काका, मामा, मित्राचे आजोबा, कुणालाही विचारा की छाटणीचं लाकूड पडलंय का. बहुतेक वेळा "घेऊन जा की सगळं" असंच उत्तर येतं.

जागेचं नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय लाकूड तोडणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर अजून कडक. भीमाशंकर, कोयना, कर्नाळा असल्या ठिकाणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आतच जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा नाव घेऊन लिहिलाय, म्हणजे "फक्त सुरी होती साहेब" हे चालत नाही. देवराईत तर वाळकी काडीही उचलू नका, गाव बघतं सगळं. स्वतःच्या शेतातलंसुद्धा सागासारखं झाड पाडायला परवानगी लागते, पण आपल्याला झाड पाडायचंच नाहीये, पडलेल्या आणि छाटलेल्या लाकडावरच सगळं भागतं. बांबूचं जरा सोपंय, २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला, तरी मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि नेताना हत्यार पात्याला कव्हर घालून बॅगेत तळाशी. शहरात पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश काढतात, तेव्हा हत्यार उघडं बाळगलं की अडकलात. पुण्यात तर कोयता म्हटलं की आधी गँगच आठवते लोकांना, त्यामुळे बाइकला मागे कोयता लटकवून चांदणी चौकातून जायची हौस नको.

आता हत्यारं. सुरी न दुमडणारी, पातं चार इंचाच्या आसपास, आणि पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल तर उत्तम. 'मोरा' या स्वीडिश कंपनीची सुरी बरेच जण घेतात, चांगलीच आहे, पण गावच्या लोहाराकडे ट्रकच्या कमान पाट्याची सुरी घडवून मिळते आणि माझं मत विचाराल तर शिकायला तीच बरी, कारण धार बिघडली की घाबरायला होत नाही. नऊ इंची रॅम्बो टाइप काही घेऊ नका, कायद्याच्याही भानगडीत पडू शकता आणि खुंटीही धड तासता येणार नाही. कुऱ्हाड छोटी, डोकं अर्धा-पाऊण किलोचं, दांडा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. विकत घेताना दांड्याच्या टोकाकडून बघा, लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या धावायला पाहिजेत, आडव्या असतील तर तो दांडा एक दिवस तुटणार. कोकणात कमरेला मागे लाकडी खाचेत अडकवलेला कोयता दिसतो तो या दोन्हींचं बरंचसं काम एकटाच करतो, पण तो हातात बसायला लहानपणापासूनची सवय लागते, आपण सुरी-कुऱ्हाडीपासून सुरुवात करू.

धार नसेल तर पुढचं काहीच वाचू नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, हात कापतात ते बहुतेक असेच. कुऱ्हाडीला आधी कानस, मग निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. सुरीला नुसता निसणा पुरतो, पाणी मारत राहायचं आणि दोन्ही बाजूंना सारखे हात. नवी गावठी कुऱ्हाड फार जाड धारेची आली तर लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार पातळ करून घ्या, घरी ग्राइंडरवर घासाल तर पातं निळं पडेल आणि पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरेल.

बसायची पद्धत. मांडीवर लाकूड ठेवून तासायचं नाही, मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. दगडावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका, काम गुडघ्यांच्या पुढे. हात लांब करून सुरी फिरवली तर जेवढं वर्तुळ होईल तेवढ्यात कुणी नको, कुत्रं पण नको. सुरी वापरात नसली की म्यानात, जमिनीत खुपसून ठेवायची ती फक्त सिनेमात. कुऱ्हाडीला तर गुडघ्यावर बसूनच काम करा. दांडा छोटा असल्यामुळे उभं राहून घाव चुकला तर तो सरळ नडगीवर येतो, बसून चुकला तर जमिनीत जातो. आणि खाली ओंडका पाहिजेच, दगडावर मारलं तर धार गेलीच समजा.

पहिली वस्तू तंबूची खुंटी करा. दिसायला साधी आहे पण सगळे कट तिच्यात येतात. अंगठ्यापेक्षा जाड, सरळ, वीतभर लांब सुबाभळीची किंवा गिरीपुष्पाची फांदी घ्या, ओली असेल तर अजून सोपं. टोक करताना सुरी अंगापासून लांब, मनगट न हलवता खांद्यातून ढकलायची, थोडं थोडं लाकूड काढत फांदी फिरवत राहा, पेन्सिलीसारखं लांबुळकं टोक नको, ते जमिनीत मोडतं, आखूड चार बाजूंचं करा. वरच्या बाजूच्या कडा सगळीकडून थोड्या तासून घ्या म्हणजे ठोकताना फुटणार नाही. आता खाच. टोकापासून लांबच्या बाजूला, वरून तीन बोटं सोडून, सुरी आडवी धरून फांदीत दाबा, पाठीवर काठीने हलकेच टकटक करत पाव भाग खोल जाऊ दे. मग खालून त्या चिरेकडे तिरकं तासत या. इथे मोठा जोर लावायचा नाही, सुरीच्या पाठीवर दुसऱ्या हाताचा अंगठा लावून तो ढकलेल तेवढंच. ढलपी चिरेपाशी येऊन आपोआप सुटली की कट बरोबर बसला, उपटावी लागली की चीर कमी खोल आहे. दोरी अडकवून ओढून बघा. एक सुबक खुंटी झाली म्हणून थांबू नका, दहाएक करा, दहाव्या खुंटीला पहिलीकडे बघवत नाही.

गिरीपुष्पाचे चमचे-बिमचे मात्र करू नका, त्याला उंदीरमारी उगाच नाही म्हणत. चमच्याला आंबा नाहीतर शिवण.

कुऱ्हाडीचं खरं काम फोडणं. आपल्याकडे पावसात आग पेटवायची म्हणजे सगळं वरून भिजलेलं, शेवाळ धरलेलं, पण जमिनीवर न पडता उभं वाळलेलं किंवा झाडातच अडकून राहिलेलं मनगटाएवढं लाकूड मिळालं तर ते आतून कोरडं असतं, आणि त्या कोरड्या गाभ्यापर्यंत पोचायला कुऱ्हाड. हवेत उगारून घाव घालायचाच नाही. लाकूड आणि कुऱ्हाड एकत्र धरा, धार लाकडाच्या टोकावर टेकवून, आणि दोन्ही एकदम ओंडक्यावर आपटा. धार रुतली की परत आपटा, मग दांडा जरा पिळा, लाकूड चरचरत उघडतं. किंवा धार टेकवून कुऱ्हाडीच्या पाठीवर लाकडी सोट्याने ठोका. दुसऱ्या कुऱ्हाडीने नाही हं, लोखंडाच्या कपऱ्या उडतात. फोडून फोडून बोटाएवढ्या काड्या झाल्या की सुरीने ढलप्या काढा, पण तोडून टाकायच्या नाहीत, टोकाला चिकटलेल्या ठेवायच्या, एकावर एक कुरळ्या झाल्या पाहिजेत. अशा चार काड्या, खाली नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या किंवा काटेसावरीचा कापूस, एक काडी आगपेटीची. कापूस भसकन जळून जातो म्हणून त्यात काथ्या मिसळा. कारवीच्या वाळक्या काठ्या मिळाल्या तर काय बघायचंच नाही.

आग फक्त पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला. फेब्रुवारीनंतर गवत वाळलं की वणव्याचे दिवस, तेव्हा नुसतं लाकूडकाम करा आणि चहा थर्मासमधून प्या. इतर वेळीही गवत खरवडून, पाण्याचा हंडा शेजारी ठेवून, आणि विझवल्यावर राखेत उघडा हात घालता आला पाहिजे इतकं पाणी ओतून.

बांबूवर मजा येते पण दोन गोष्टी. फोडलेल्या बांबूची कड ब्लेडसारखी असते, बरेच जण तिनेच कापून घेतात, म्हणून फोडल्या फोडल्या सुरीच्या पाठीने कड खरवडायची. आणि दोन्हीकडे गाठ असलेलं बंद पेर आगीत टाकायचं नाही, आत हवा-पाणी तापून बार उडतो. भात शिजवायचा तर ओल्या बांबूचं एक पेर, एका बाजूने उघडं, धुतलेले तांदूळ निम्म्यापेक्षा कमी, पाणी, वर केळीच्या पानाचा बोळा सैल लावून निखाऱ्यावर तिरकं ठेवायचं. पावसाळ्यात कोवळे कोंब वर येत असतात त्या बेटात घुसून तुडवातुडव करू नका, मालक पुढच्या वेळी फाटक उघडणार नाही.

काय तोडतोय ते ओळखा. बिब्ब्याचा चीक लागला की कातडीवर फोड येतात, आणि त्याचं लाकूड आगीत तर अजिबातच नको. कण्हेरीच्या काडीवर काही भाजून खायचं नाही, पूर्ण झाड विषारी. थोराचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरच. वाळक्या वेली ओढण्याआधी वर बघा, खाजकुयलीच्या शेंगा असतील तर त्या दिवशीचं बुशक्राफ्ट तिथेच संपलं, उरलेला दिवस खाजवण्यात. लाकडाचा ढीग हाताने उचकटायचा नाही, आधी लांब काठीने हलवा, खाली फुरसं नाहीतर विंचू असू शकतो.

कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधेमधे उघडून बघायचं नाही. हळद, चुना, माती काही भरू नका. रक्त उसळून येत असेल तर दाब न सोडता १०८ ला फोन, आणि रेंज नसलेल्या ठिकाणी एकट्याने कुऱ्हाड घेऊन जाऊच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते निघायच्या आधी आठवा.

घरी आल्यावर सुरी पुसून कोरडी, पात्याला खोबरेल तेलाचं बोट. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत गंज दिसतो. सुरी चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. दांड्याला वर्षातून एक-दोनदा जवसाचं तेल चोळा. डोकं ढिलं झालं की बरेच जण कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड फुगून घट्ट बसतं खरं, पण वाळलं की आधीपेक्षा ढिलं. नेढ्यात, म्हणजे डोक्याच्या भोकात, नवी पाचर ठोका. दांडाच बदलायचा असेल तर धामणीचं लाकूड मिळालं तर सोनं, नाहीतर बाभूळ आहेच, पण सावलीत चार-सहा महिने वाळलेली. ओल्या लाकडाचा दांडा बसवला तर उन्हाळ्यात आक्रसतो आणि घाव घालताना डोकं निसटून उडतं.