एमएलफ्लोमधील प्रयोगांच्या नोंदी कायमच्या काढून टाकताना

मशीन लर्निंगच्या प्रयोगांची नोंद ठेवणाऱ्या एमएलफ्लो या सॉफ्टवेअरमध्ये एखादा प्रयोग डिलीट केला, तरी त्याची नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्यावर केवळ ‘डिलीटेड’ अशी खूण पडते आणि ‘रिस्टोअर’ या कमांडने ती परत आणता येते. त्याच नावाचा नवा प्रयोग तयार करायला गेल्यास एरर येते, ती याचमुळे. नोंदी कायमच्या पुसणारी ‘जीसी’ (गार्बेज कलेक्शन) ही कमांड बहुधा तेव्हाच आठवते.

ही कमांड खूण झालेले रन, म्हणजे प्रयोगातल्या एकेका चाचणीच्या नोंदी, त्यांच्या मेट्रिक्स (मोजमापांचे आकडे) आणि मॉडेलच्या फायलींसकट, कायमचे काढून टाकते. म्हणून आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा. मात्र फायली एखाद्या क्लाउड बकेटमध्ये (इंटरनेटवरील साठवणीच्या जागेत) ठेवलेल्या असतील, तर त्या या बॅकअपमध्ये येत नाहीत, हे विसरू नये. रनचा किंवा प्रयोगाचा आयडी न देता कमांड चालवली, तर खूण असलेले सगळेच रन जातात. ‘ओल्डर-दॅन’ या पर्यायापुढे ‘३०डी’ असे लिहिल्यास गेल्या ३० दिवसांत डिलीट केलेल्या रनना हात लागत नाही. सर्व्हर अनेकांच्या वापरात असेल, तर हा पर्याय वगळणे मला तरी धोक्याचे वाटते.