मुरूड दोन आहेत: बाईकवरून कोकणात निघण्याआधी नकाशा कसा बघायचा

दिघीच्या जेट्टीवर तिकीट फाडणाऱ्याने विचारलं, "कुठलं मुरूड?" आणि माझ्या पोटात गोळा आला. खोली घेतली होती दापोलीजवळच्या मुरूडला, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या गावी. फोनमध्ये मी टाकलं होतं नुसतं 'मुरूड'. निळ्या रेघेने आम्हाला दिवेआगरहून इमानेइतबारे उत्तरेला आणून सोडलं होतं. समोर आगरदांडा, त्याच्या पुढे जंजिऱ्याचं मुरूड. आम्हाला जायचं होतं बरोब्बर उलट्या दिशेला. "उलटे आलात की हो," तो म्हणाला. मागे बसलेली बायको काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

ॲपची काही चूक नव्हती. मी जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. तेव्हापासून निघायच्या आधीच्या दोन संध्याकाळी मी नकाशासमोर बसतो. मी चिंचवडचा, कारखान्यात टर्नर. आमची सुट्टी गुरुवारची, तिला दोन रजा जोडल्या की तीन दिवस मिळतात. गाडी जुनी पल्सर १५०. त्या तीन दिवसांतला अर्धा दिवस चुकीच्या जेट्टीवर घालवणं परवडत नाही.

पहिलं काम नावांचं. कोकणात एकाच नावाची गावं किती आहेत ते नकाशात शोधायला लागलात की कळतं. मुरूड दोन. कासवांचं वेळास बाणकोटजवळ, तर दुसरं वेळास दिघी-दिवेआगरच्या बाजूला. माणगावजवळ गोरेगाव आहे आणि फोनला मात्र मुंबईचंच आठवतं. म्हणून गावाच्या नावापुढे तालुका लिहायचा आणि पिन पडली की आधी नकाशा लहान करून बघायचा: समुद्र कुठल्या हाताला आहे, वरची खाडी कुठली, खालची कुठली. मुक्कामाच्या मालकाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशनच मागवून घेतलेलं सगळ्यात बरं.

हे सगळं कॉम्प्युटरवर करा, फोनवर नको. फोनच्या पडद्यावर एक तर घाट दिसतो नाही तर किनारा, दोन्ही एकदम दिसत नाहीत. मी मुलीचा लॅपटॉप घेतो आणि गूगल माय मॅप्स उघडतो. त्यात आपला स्वतःचा नकाशा करता येतो, एका नकाशात दहा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे थर, बसतात. माझे चारच असतात: मुक्काम, पेट्रोल, जेट्टी आणि 'शंका'. शंकेच्या पिना लाल. ज्या तुकड्याबद्दल खात्री नाही तिथे लाल पिन ठोकायची आणि तिच्या खाली एका ओळीत काय विचारायचं ते लिहायचं. खरं काम या लेयरमध्येच होतं, बाकीचे तीन नुसती सोय.

गेल्या वेळचा बेत असा होता. पहिल्या दिवशी पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा आणि मुक्काम दिवेआगरला. दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला जेट्टी पकडून वेसवी आणि तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै करत मुरूड. दापोलीचं! तिसऱ्या दिवशी खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि घर.

आता दिवेआगर ते श्रीवर्धन असा रस्ता विचारा. शेखाडीचा रस्ता आपोआप मिळेलच असं नाही, कारण नकाशाला घाई असते आणि आपल्याला नसते. मग ती रेघ माऊसने पकडायची आणि ओढून समुद्राकडे न्यायची. नाही तर मध्ये एक थांबा टाकायचा. इथे एक खुबी आहे, ती मला फार उशिरा कळली. थांबा गावात टाकू नका आणि फाट्यावरही टाकू नका. गावात टाकलात तर प्रवासात ॲप तुम्हाला देवळापर्यंत आत नेतं आणि अंगणातून गाडी वळवायला लावतं. फाट्यावर टाकलात तर तिथे पोचल्यावर थांबा झाला असं समजून ते पुन्हा जवळच्या रस्त्याने ओढतं. फाटा ओलांडून किलोमीटरभर पुढे, आपल्याला हव्या असलेल्या रस्त्याच्या मधोमध टाका. पिन रस्त्यावरच पडली आहे ना, हे पूर्ण मोठं करून बघा. सुरुवात धरून दहाच ठिकाणं चालतात, त्यामुळे थांबे उधळू नका. एका दिवसाचा एक रस्ता करा.

दुचाकीचा पर्याय गूगलने भारतात डिसेंबर २०१७मध्ये आणला. फोनवर तो निवडून ठेवाच. माय मॅप्समध्ये मात्र तो नाही, तिथे कारचाच रस्ता मिळतो. म्हणजे मुंबईकडून येणाऱ्याला ती रेघ खुशाल अटल सेतूवरून काढेल, पुण्याकडच्याला द्रुतगती मार्गावरून आणि नागपूरकडच्याला समृद्धीवरून. या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. उलट दुचाकीच्या पर्यायाला गल्लीबोळांचा सोस फार. दोन मिनिटं वाचवायला तो तुम्हाला कुणाच्या तरी वाडीतून नेतो, जिथे वाटेत नारळ सोलत बसलेली माणसं उठून जागा करून देतात. एकदा झालं की मजा वाटते, तीनदा झालं की लाज.

जेट्टीचं प्रकरण वेगळं. नकाशावर खाडीतून तुटक रेघ दिसते तीच फेरीबोट. सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' चुकून चालू राहिलं असेल तर श्रीवर्धनहून बाणकोटला जायला ॲप म्हसळा, आंबेतचा पूल, म्हाप्रळ, मंडणगड असा अख्खा वळसा दाखवतं आणि आपल्याला वाटतं, बापरे, एवढं लांब! फेरी चालू ठेवली तर उलटा घोळ होतो: वेळ दाखवताना बोटीची वाट बघणं त्यात पुरेसं धरलेलं नसतं. शेवटची बोट किती वाजता आणि भरती-ओहोटीचा किंवा पावसाचा काही प्रश्न आहे का, हे जेट्टीच्या पिनवर फोन नंबर असेल तर सरळ फोन करून विचारायचं. मी प्रत्येक जेट्टीला पाऊण तास धरतो. बोट लगेच मिळाली तर तो वेळ चहाला.

खाडी हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा चकवा. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग असं म्हणायला सोपं, पण खाडीपाशी आलं की कुठे पूल, कुठे बोट आणि कुठे नुसतंच पाणी. वेळास आणि केळशी नकाशात बोटभर अंतरावर दिसतात. मोठं करून बघा, मध्ये भारजेची खाडी आहे. अशा ठिकाणी उपग्रहाचं चित्र लावायचं आणि पूल एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग दिसतो का ते डोळ्यांनी बघायचं. खांब दिसले म्हणजे पूल झाला असं नाही. आणि ते चित्र जुनं असू शकतं, हेही लक्षात ठेवायचं. मी लाल पिन ठोकली, केळशीच्या एका खानावळीला फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसा आतून मांदिवलीकडून गेलो.

उपग्रहाचं चित्र वाचायला थोडी सवय लागते. डांबर राखाडी दिसतं, जांभ्याची कच्ची वाट तांबडी. राखाडी रेघ मध्येच तांबडी झाली की तिथून पुढे गाडी हळू. रुंदी कळत नसेल तर शेजारच्या घराच्या छपराशी ताडून बघायची, किंवा रस्त्यावर एखादी एसटी सापडते का ते शोधायचं. एसटीचा थांबा दाखवला असेल तर माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला. जिथे लाल डबा जातो तिथे माझी पल्सर जाईल. झाडीत रस्ता गडप होत असेल तर नुसतं चित्र पुरत नाही. मग ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स उघडायचं. त्यात पायवाट आणि बैलगाडीची वाट वेगळ्या तुटक रेघांनी दाखवतात.

ही तुटक रेघ किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण वेल्ह्याकडचं. वरती केळद, खाली कर्णवाडी. सरळ अंतर मोजायचं असेल तर कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून अंतर मोजता येतं आणि ते इतकं थोडं भरतं की हात शिवशिवतात. मध्ये आहे मढे घाट. ती पायी उतरायची वाट आहे, गाडीची नाही. सह्याद्रीची धार सपाट नकाशात दिसत नाही. 'टेरेन'चा लेयर लावा, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की समजा, इथे कडा आहे.

तिसऱ्या दिवसाच्या रस्त्याला मीही असाच भुललो होतो. खेडहून खोपी, तिथून रघुवीर घाट चढून शिंदी. लहान नकाशात वाटतं की ही वाट तशीच तापोळ्याला आणि तिथून महाबळेश्वरला मिळणार, पोलादपूरची गर्दी टळणार. रात्री अकरा वाजता मी खूश होऊन बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि विचारलं, "हे निळं काय?" ते निळं म्हणजे कोयनेचा शिवसागर जलाशय. रस्ता पाण्यापाशी येतो आणि संपतो. पलीकडे गाडी न्यायची तर तराफ्याच्या भरवशावर. लाल पिन ठोकली आणि मुकाट्याने आंबेनळी धरला. रघुवीर घाट बघायचा तर खेडहून वर जाऊन परत खेडलाच उतरा. घाट सुंदर आहे, पण तो एक वेगळा दिवस मागतो.

घाट चालू आहे की बंद, हे नकाशाला विचारू नका. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात प्रशासन बंद ठेवतं, पण बंद झाल्याची खबर नकाशात वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. मी करतो ते असं: घाटाच्या पायथ्याचं एखादं हॉटेल किंवा पेट्रोल पंप नकाशात शोधायचा, त्यावर नंबर असतो, फोन लावायचा. "मालक, पुण्याहून बाईकवर येतोय, घाट चालू आहे का?" आजवर कुणी फोन आपटला नाही. उलट एकाने कुठल्या वळणावर खडी पसरली आहे तेही सांगितलं. फोन करायचा नसेल तर ठिकाणाचे रिव्ह्यू 'सगळ्यात नवे आधी' असे लावून वाचा आणि फोटोंच्या तारखा बघा. पाच तारे वगैरे सोडा, गेल्या महिन्याच्या फोटोत मागे रस्ता कसा दिसतो ते बघा. स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२पासून आहे. आतल्या रस्त्यांना तो नसला तरी फाट्यापाशी मिळाला तर फाटा ओळखायला फार कामाचा. कमान आहे, पिंपळ आहे की एसटीची शेड, एकदा बघून ठेवलं की पुढे चुकत नाही.

वेळेचा हिशेब माझा मीच करतो. सपाट महामार्गावर तासाला पन्नास किलोमीटर, घाटात तीस, किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यावर पंचवीस. वर दर दीड तासाला चहा, कारण आता कंबर पन्नाशीची आहे. ॲपच्या आकड्यापेक्षा हा दीडपट येतो आणि खरा ठरतो. अंधार पडायच्या आत शेवटचा घाट संपला पाहिजे. नाही तर बेत कापायचा. पेट्रोलचं सोपं आहे: किनारा धरण्याआधी श्रीवर्धनला टाकी भरायची, पुढे पंप दिसेल तेव्हा दिसेल.

सगळं ठरलं की रस्ता फोनमध्ये न्यायचा. लिंक पाठवून भागत नाही. फोनवर उघडल्यावर ॲप रस्ता पुन्हा आखायला बसतं आणि तुम्ही ओढून नेलेली रेघ परत महामार्गावर जाऊन पडते. मी माय मॅप्समधून केएमएल फाइल (आखलेली रेघ आणि पिना जशाच्या तशा ठेवणारी) उतरवतो आणि ती ऑरगॅनिक मॅप्समध्ये उघडतो. ती रेघ जागची हलत नाही. वळा-थांबा असं बोलत नाही, नुसती दिसते. आपला बाण तिच्यावर आहे की नाही एवढंच बघायचं. रायगड, रत्नागिरी, सातारा, सगळ्याचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा, कारण ताम्हिणीत रेंज जाते आणि रेंज गेल्यावरच फाटा येतो.

तरीही टाकीवर पारदर्शक चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी असतेच. दिवसाची गावं ओळीने, फाट्याला डावं-उजवं आणि दोन फोन नंबर. उन्हात फोन तापून बंद पडला की चिठ्ठीच कामाला येते. अक्षर बायकोचं, कारण माझं मलाच वाचता येत नाही.

परत आलो की त्याच आठवड्यात लाल पिना काढायला बसायचं, नंतर आठवत नाही. बरा निघालेला तुकडा हिरवा, खराब तुकड्यावर महिना आणि वर्ष. या वेळी सात लाल पिनांपैकी सहा निघाल्या. सातवी आंजर्ल्याच्या अलीकडची, एका आतल्या रस्त्याची. तिथे पोचायच्या आधी एका घरी बांगडे तळत होते, आम्ही थांबलो आणि उजेड संपला. ती पिन अजून लालच आहे.