सर्जनशील समस्या-निराकरणाचा ऑनलाइन कोर्स आखताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती कोड्यांची चूक. नऊ ठिपके चार रेषांनी जोडा, अशा कोड्यांत प्रौढ मंडळी रमतात, पण कामावर गेल्यावर त्यातलं काहीच हाताशी येत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये लोकांना एक गोष्ट वाचायला दिली: सेनापती फौजेच्या तुकड्या करतो आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी किल्ल्यावर चालून जातो. मग प्रश्न दिला: आजूबाजूचा निरोगी भाग न जाळता किरणांनी गाठ कशी नष्ट कराल? युक्ती तीच, अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे. तरीही 'त्या गोष्टीचा उपयोग करा' असं सांगेपर्यंत बहुतेकांना ती सुचली नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची स्वतःची अडचण घ्या. 'एखाद्या समस्येवर सर्जनशील उपाय सुचवा' हा स्वाध्याय कुणालाच पकडून ठेवत नाही. त्याऐवजी असं विचारा: 'तुमच्या कामात वारंवार अडणारी एक गोष्ट एका वाक्यात लिहा. आता तेच वाक्य तीन वेगळ्या प्रश्नांच्या रूपात मांडा.' 'ग्राहक उशिरा पैसे देतात' याचं 'बिल लवकर कसं पाठवता येईल?' झालं की अडचण आपल्या हातात येते. माझ्या मते अख्ख्या कोर्समधला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

लाइव्ह सत्रात सगळ्यांना एकदम बोलायला लावू नका. एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर तेवढ्याच लोकांच्या गटापेक्षा त्या जास्त भरतात, हे येल विद्यापीठातल्या १९५८ च्या अभ्यासात दिसलं होतं. आधी पाच मिनिटं शांतपणे लिहू द्या, मग वाचून दाखवा.

व्हिडिओ छोटे ठेवा, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे.

सगळ्यांची उत्तरं सारखीच येत असतील, तर तुमचं नमुना-उत्तर आधी दिसतंय का ते तपासा. ते स्वाध्याय जमा झाल्यावरच खुलं करा. कल्पना भरपूर पण पुढे काहीच घडत नसेल, तर निवडीसाठी वेगळा दिवस ठेवा आणि निकष शिकणाऱ्यालाच ठरवू द्या: खर्च, वेळ, कुणाची परवानगी लागेल. लोक मध्येच गळत असतील, तर मुदती तपासा. नोकरी-घर सांभाळणाऱ्याचा एक आठवडा हुकला, तरी त्याला पुढच्या स्वाध्यायापासून थेट सुरुवात करता आली पाहिजे.